मधे शून्य आला की वजाबाकी अडते

४०२ वजा १६७ दिलं की पोरं दोन ठराविक उत्तरं काढतात. एक ३६५, म्हणजे २ मधून ७ जात नाहीत ना, मग ७ मधून २ घालवले, शून्याशीही तेच, विषय संपला. दुसरं २४५, आणि हे मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं, कारण इथे उसना घेतलेला असतो, ४ चे ३ पण झालेले असतात, एककात १२ पण आलेत, फक्त मधल्या शून्याचे डायरेक्ट १० लिहिलेत, तिथून एक दशक पुढे गेला हे राहूनच गेलं.

"शेजाऱ्याकडून उसना घे" हे वाक्य इथे कामाचं नाही, कारण शेजारीच कंगाल! त्यापेक्षा खेळातल्या नोटा काढा. शंभराच्या चार नोटा, एक रुपयाची दोन नाणी. सात रुपये द्यायचेत तर आधी शंभराचे सुट्टे करून दहाच्या दहा नोटा घ्यायच्या, मग त्यातली एक मोडून दहा नाणी. टेबलावर काय उरलं बघायला सांगा: ३ शतक, ९ दशक, १२ एकक. तो ९ कुठून आला ते पोराला स्वतःच दिसतं. हे हाताने करून झालं की मगच वहीत खाडाखोड.

जरा मोठ्या मुलांना मी ४०२ म्हणजे ४० दशक आणि २ असं वाचायला लावते, एक दशक काढला की ३९ आणि १२, एका फटक्यात काम, उत्तर २३५. आणि १००० वजा ४६३ असेल तर सरळ ९९९ मधून ४६३ घालवा, ५३६, वर १ मिळवा, ५३७. काही पालक याला चीटिंग म्हणतात, म्हणू देत.