आमची वाटचाल: आधी पाणी तपासू, मग बोलू

सुरुवात ठाण्याच्या नौपाड्यातल्या ॲक्वेरियमच्या दुकानापासून. नवी टाकी नेलेलं गिऱ्हाईक दोन-तीन आठवड्यांत मेलेले गोल्डफिश पिशवीत घालून परत यायचं आणि वर ऐकवायचं, "मासेच आजारी दिलेत." मासे धडधाकट असायचे, पाणी बिघडलेलं असायचं. मासे अमोनिया सोडतात, काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट, जे फारसं बाधत नाही. हे दुसरे जिवाणू सावकाश वाढतात, तोवर नायट्राइट साचत राहतं. मग आम्ही नियमच केला, पाण्याची बाटली आणल्याशिवाय औषध द्यायचं नाही. काही गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत.

२०२० मध्ये केंद्र सरकारची मत्स्यसंपदा योजना आली, बायोफ्लॉकच्या, म्हणजे पाण्यातच जिवाणू वाढवून दाटीने मासे पाळायच्या, टाक्या वाढल्या आणि आमचे फोनही. रबाळ्याला एमआयडीसीत गाळा घेतला. आता पाणी तपासणी आणि बायोफिल्टर, म्हणजे हे कामाचे जिवाणू पोसणारा फिल्टर, बसवणं हाच मुख्य धंदा.

उरणकडचा एक फोन सांगतो. "दादा, हवा चालू हाय, तरी मावरं वर येतंय!" गेलो तर ऑक्सिजन व्यवस्थित. तिलापिया मासा धरून कल्ल्याचं झाकण उचललं, तर आत लालऐवजी चॉकलेटी रंग. नायट्राइट रक्तात शिरलं की हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. पंप कितीही फिरवा, मासा गुदमरतोच. उपाय किराणा दुकानात मिळतो. गोड्या पाण्यात नायट्राइट कल्ल्यांतून क्लोराइडच्याच वाटेने आत शिरतं, म्हणून मीठ टाकून नायट्राइटच्या निदान दहापट क्लोराइड पाण्यात ठेवायचं. दहा हजार लिटरला एक किलो खडे मीठ टाकलं की लिटरमागे सुमारे ६० मिलिग्रॅम क्लोराइड वाढतं. मात्र पाणी तपासायचं किट नायट्राइट दाखवतं की नायट्राइट-नायट्रोजन, ते आधी वाचा. दोन्ही आकड्यांत ३.३ पटींचा फरक आहे. आणि मिठाने नायट्राइट जात नाही, आत शिरायचं थांबतं. खाद्य बंद करणं, थोडं थोडं पाणी बदलणं आणि फिल्टर सावरेपर्यंत कळ काढणं आलंच. फिल्टरचा स्पंज क्लोरीनच्या नळाखाली घासून धुणाऱ्यांपुढे तर आम्ही हात टेकले. कामाचे जिवाणूच धुऊन जातात.

खाडीच्या पाण्यावरच्या कोळंबीला खारेपणाचं संरक्षण असतं. पावसाळ्यात तलाव गोडावला की ते घटतं. शिवाय कोळंबीच्या रक्तात हिमोग्लोबिन नसतं, तेव्हा चॉकलेटी कल्ले पाहून ओळखायची सोय नाही. तिथे किटच लागतं, त्यामुळे जूनपासून आमची गाडी पेण-उरणकडेच असते. फेरीचे पैसे घेतो. मीठ मात्र गावातल्या दुकानातूनच घ्यायला सांगतो, ते आम्ही विकत नाही.