खाण बंद होते, नाला नाही

आज अख्खा दिवस अंधेरीच्या ऑफिसमध्ये चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीच्या क्लोजरची, म्हणजे खाण कायमची बंद करतानाची ड्रॉइंग्ज बघण्यात गेला. खोदताना मधे येणारा नाला कडेने चर काढून वळवतात, खाण चालू असेपर्यंत ते निभतं पण, गाळ साचला की जेसीबी येतो, काठ खचला की लगेच भराव पडतो. बंद झाल्यावर कोण येणारे तिथे?

म्हणून सरांना सरळ म्हटलं, हा सरळसोट अरुंद चर कायमचा म्हणून नाही चालणार, त्याला वळणं द्या, पूर पसरायला दोन्ही बाजूंना जागा सोडा, तळाला मोठे दगड टाका, नाहीतर एका जोरदार पावसात काठ फुटून अख्खा नाला खड्ड्यात घुसेल. ओव्हरबर्डनच्या, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या ढिगाऱ्यावरून येणारं गढूळ पाणीसुद्धा आधी गाळ बसायच्या तळ्यात जायला हवं. त्या दगडात पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) असेल तर पाणी आम्लधर्मी होतं, तांबूस दिसायला लागतं आणि वर्षानुवर्षं तसंच झिरपत राहतं, खालच्या गावांनी काय करायचं मग?

मुंबईतल्या आपल्या मिठी नदीलाही असंच विमानतळापाशी काटकोनात वळवलंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला तेव्हा कुर्ला-कलिन्यात काय झालं ते इथल्या प्रत्येकाला माहितीये.

सर तयार झालेत. खाणीआधी तो नाला नेमका कुठून वाहायचा ते बघायला जुने सर्व्हे नकाशे मागवलेत, उद्यापासून नाल्याचे सेक्शन (आडवे छेद) नव्याने काढायला घेतेय.