ओंडक्यांच्या ट्रकचा रस्ता आणि माझी माउंटन बाइक

डोंगरातल्या रस्त्यावर आधी त्रास होतो तो चढाचा. पण चढ हा सवयीचा भाग आहे, जात राहिलं की पाय आपोआप तयार होतात. मला खरा वेळ लागला तो चाकाखालची जमीन ओळखायला. त्यात मी निवडलेले रस्ते कामाचे होते, म्हणजे ज्यांवरून आजही तोडलेली लाकडं बाहेर काढली जातात असे. वजनदार ट्रक नीट खाली उतरावा एवढ्यासाठीच तो रस्ता बांधलेला असतो. त्यामुळे काल जिथे घट्ट दबलेली जमीन होती तिथे आज सैल खडी असते, आणि त्याचं कारण पावसापेक्षा तिथे मधल्या काळात झालेल्या कामात सापडतं. हे लक्षात आलं तेव्हापासून माझं सायकल चालवणं बदललं.

तसा माउंटन बाइकिंग या खेळाचा जन्मच अशा रस्त्यांवरचा. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी डोंगरात कच्चे रस्ते काढलेले होते. त्यातल्या एका उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी ‘रीपॅक’ची पहिली शर्यत झाली. जाड टायरच्या जुन्या सायकली, उलटं पॅडल मारून लागणारा ब्रेक आणि साधारण ३.४ किलोमीटरमध्ये ४०० मीटर खाली. तळाशी पोचेपर्यंत चाकाच्या मध्यातल्या हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि नव्याने भरावं लागायचं, त्यावरूनच ‘रीपॅक’ हे नाव. आज आपल्याकडे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आहेत, पण ब्रेक फक्त चाक थांबवतो. सायकल थांबते ती टायर आणि जमीन यांच्यातल्या पकडीने, आणि जमीन अजून तीच आहे.

मी सुरुवात केली ती रस्ता पायी बघण्यापासून. बांधणी कळली की निम्मं कोडं सुटतं. रस्त्याचा मधला भाग थोडा उंच ठेवतात, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंच्या चरांत जातं, आणि चरातलं पाणी अधूनमधून मोरीतून रस्त्याखालून पलीकडे काढतात. वरचा थर फोडलेल्या खडीचा असेल तर कोपरेवाले दगड एकमेकांत अडकून बसतात, मधल्या फटी बारीक चुरीने भरतात आणि ट्रकच्या वजनाखाली सगळं आवळत जातं. नदीतले गोटे टाकले असतील तर ते कितीही दाबले तरी चाकाखाली सरकतातच. नव्या रस्त्यावर मूठभर खडी हातात घेऊन ती टोचते की गोल लागते हे बघायची सवय मी अजूनही सोडलेली नाही. टोचणारी खडी टायरची बाजू कापू शकते हे खरं, पण वळणावर भरवसा ठेवायचा तर तिच्यावरच.

वर्दळीच्या रस्त्यावर ट्रकच्या चाकांचे दोन घट्ट पट्टे पडतात. त्यांच्यामधे आणि दोन्ही कडांना उडालेली सुटी खडी साचते. सरळ जाताना पट्टा धरून ठेवणं सोपं असतं, अवघड असतं ते एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाणं, कारण मधली खडीची रांग ओलांडावी लागते. माझे सगळ्यात जास्त दिवस याच एका गोष्टीत गेले. पुढचं चाक सुट्या खडीत शिरलं की किंचित डुलायला लागतं आणि हात आपोआप हँडल आवळतात. आवळलेल्या हातांनी केलेली प्रत्येक दुरुस्ती जमिनीला जास्त ढकलते आणि डुलणं वाढतं. म्हणून मी एका सपाट, मोकळ्या तुकड्यावर तेवढाच सराव केला: सीटवरून उठायचं, दोन्ही पॅडल एका पातळीत, टाचा किंचित खाली, कोपरे वाकलेले, बोटं ब्रेकवर पण ब्रेक सोडलेला, आणि नजर पलीकडच्या पट्ट्यावर. वजन हँडलवर न टाकता पायांवर. सायकल उभीच ठेवून तिरकं, हळूच ओलांडायचं. चाक डुलतं, मागचं चाक जरा सरकतं आणि पलीकडे दोन्ही पुन्हा पकडतात. त्या क्षणी हात काहीही करत नाहीत, हे अंगात भिनायला वेळ लागतो.

वळणांचंही असंच आहे. बाहेरच्या कडेला खडी फेकली जाऊन तिथे जाड थर बसतो, त्यामुळे डांबरी रस्त्यावरची बाहेरून आत येण्याची रेषा इथे चालत नाही. मी ब्रेक वळणाआधी, सरळ रेषेत आणि घट्ट पट्ट्यावर असतानाच लावते, आणि वळणात फार तर मागच्या ब्रेकवर बोट ठेवते.

ग्रेडर (पात्याने रस्ता खरवडून सपाट करणारं यंत्र) नुकताच फिरून गेलेला रस्ता दिसायला सगळ्यात सुंदर. सायकलसाठी तो सगळ्यात वाईट, असं माझं ठाम मत आहे. पात्याने दबलेला थर खरवडलेला असतो, सुटी खडी सगळीकडे सारखी पसरलेली असते, घट्ट पट्टा कुठेच उरत नाही. ओल आणि ट्रकची वर्दळ मिळाली की तो हळूहळू बसतो. तोवर मी दुसरा रस्ता धरते.

ग्रेडर फिरवावा लागतो त्याचं एक मोठं कारण म्हणजे रस्त्यावर उठणाऱ्या आडव्या लाटा. वळणाच्या अलीकडे, चढाच्या तोंडाशी, जिथे गाड्या ब्रेक दाबतात किंवा जोर लावतात तिथे त्या हमखास असतात. २००७ मध्ये काही भौतिकशास्त्रज्ञांनी वाळूच्या गोल मार्गावर चाक फिरवून या लाटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विशिष्ट वेगाच्या खाली वाळू सपाट राहते आणि त्याच्या वर लाटा उठतात, गाडीला स्प्रिंग नसली तरीही, असं त्यात दिसलं. म्हणजे कोरड्या, सुट्या रस्त्यावर वेगाने चाकं गेली की लाटा येणारच. त्यांच्यावरून जाताना टायर जेवढा वेळ हवेत, तेवढा वेळ ब्रेक आणि हँडल निरुपयोगी. मी लाटा सुरू होण्याआधीच वेग उतरवते आणि कडेची अरुंद, कमी वापरातली पट्टी शोधते.

टायरच्या हवेवर मी मुद्दाम वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला. ट्यूबलेस टायर, पुढे २.४ इंच आणि मागे २.३ इंच. एकच तुकडा निवडला, ज्यात खडी, मुळं आणि एक वळण होतं. २५ पीएसआयपासून (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) सुरुवात केली, फेरीगणिक एकेक पीएसआय कमी करत गेले आणि मागची रिम दगडावर आपटल्याचा ठोका जाणवला तिथे थांबून दोन पीएसआय परत भरले. पुढे मागच्यापेक्षा थोडी कमी. हे आकडे माझ्या वजनाला लागू आहेत, रीत मात्र कुणालाही चालेल. मजा म्हणजे लाकूड वाहणाऱ्या काही ट्रकमध्येही चालकाला केबिनमधून टायरची हवा कमी-जास्त करता येते. हवा कमी केली की टायर पसरतो, पकड वाढते आणि रस्त्याची नासाडी कमी होते.

पाणी आलं की सगळी गणितं बदलतात. चांगल्या खडीचा रस्ता हलक्या पावसानंतर उलट छान पकडतो, धूळही बसलेली असते. चिकणमाती असेल तर टायरच्या गाठी भरून जातात, फ्रेम आणि चाक यांच्यातली जागा बुजते आणि चाक फिरायचं थांबतं. काही रस्त्यांवर धूळ दाबण्यासाठी कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मारतात. ही क्षारं हवेतली ओल धरून ठेवतात. कोरड्या दिवशी असा रस्ता घट्ट आणि सुखाचा, पण पाऊस पडला की वरचा थर निसरडा होतो. थंड प्रदेशात बर्फ वितळण्याचा काळ सगळ्यात फसवा. सकाळी गोठलेला रस्ता दगडासारखा कडक असतो. दुपारी वरची काही बोटं जमीन वितळते, खाली अजून गोठलेलं असल्याने पाणी झिरपत नाही आणि वरचा थर लापशीसारखा होतो. अशा दिवसांत मी लवकर निघते आणि ऊन चढण्याआधी परतीचा उतार संपवते.

कामाच्या रस्त्यावर जमिनीइतकंच कामाकडे लक्ष द्यावं लागतं. निघण्याआधी त्या भागात तोड चालू आहे का, हे मी जंगलाच्या व्यवस्थापनाकडे विचारते. बंदचा फलक असेल तर परत फिरते, भले समोर कोणी दिसत नसो. भरलेला ट्रक उतारावर चटकन थांबू शकत नाही. वळणावर त्याच्या ट्रेलरची चाकं आतल्या बाजूने कापत येतात आणि लांब ओंडक्यांची मागची टोकं बाहेरच्या बाजूला झुलतात, म्हणजे वळणावरची कुठलीच कड सुरक्षित नाही. इंजिनचा आवाज आला की मी सरळ तुकड्यावर, चालकाला लांबून दिसेन अशा जागी, पूर्ण रस्ता सोडून उभी राहते आणि धूळ खाली बसेपर्यंत निघत नाही. कानात इअरफोन कधीच नाही. झाड पाडून तुकडे करणाऱ्या यंत्राची साखळी तुटली तर तिचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, म्हणून अशा यंत्रांवर सुरक्षित अंतर लिहिलेलं असतं. रचलेल्या ओंडक्यांवर चढणं, त्यांना टेकून बसणं हे तर कटाक्षाने टाळावं, कारण ते गडगडू शकतात.

मुख्य रस्ता सोडून आत गेलं की प्रश्न वेगळे. वापरातून काढलेल्या रस्त्यांवर पाणी वळवण्यासाठी आडवे चर खणतात. उतारावरून येताना त्यांची पलीकडची कड आधी दिसते आणि खड्डा अगदी जवळ आल्यावर. यंत्रांच्या वाटेवर माती दबू नये म्हणून फांद्यांचा थर अंथरतात. त्यातली एखादी काडी मागच्या गिअरमध्ये अडकली तर डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, वाकतो, म्हणून असा तुकडा मी सरळ उतरून चालत जाते. मुळांचं म्हणाल तर साल निघालेलं ओलं मूळ सगळ्यात निसरडं. त्यावर ब्रेक नाही, वळणं नाही, काटकोनात आणि चाक हलकं करून पार व्हायचं. सुकी पानं किंवा सूचिपर्णांचा थर असेल तिथे खाली काय आहे हे दिसत नाही, तेव्हा वेग दिसण्यापुरताच.

अरुंद वाटांसाठी मी एक कसोटी पाळते. वाटेच्या तोंडाशी उतरून बुटाची टाच दाबते. टाच सहज रुतली आणि खळग्यात पाणी जमा झालं, तर त्या दिवशी ती वाट माझ्यासाठी बंद. टायरने पाडलेली खोल चाकोरी पुढच्या पावसात पाण्याचा ओहोळ होते आणि वाट वाहून नेते. मधेच डबकं लागलं तर कडेने वळसा घालून वाट रुंद करत बसण्यापेक्षा मी डबक्यातूनच हळू जाते. मोरी तुंबलेली किंवा कड खचलेली दिसली की जागेची खूण आणि फोटो व्यवस्थापनाला कळवते. तुंबलेल्या मोरीचं पाणी रस्त्यावरून वाहायला लागलं की एका जोरदार पावसात खडीचा सगळा थर खाली जाऊ शकतो, आणि मग तो रस्ता ट्रकलाही बंद आणि आपल्यालाही.