फायरवॉलच्या सर्टिफिकेटची फी भरण्याआधी

बडोद्यात नेटवर्किंगमध्ये उतरलेल्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो: फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची राखण करणारं यंत्र, बनवणाऱ्या कंपन्यांपैकी कोणाचं सर्टिफिकेट घेऊ, फोर्टिनेट करू, सिस्को करू की पालो आल्टो? त्यांना मी आधी उलट विचारतो, येत्या वर्षभरात तुझ्या हाताशी कोणता फायरवॉल असणार आहे आणि त्याचं ॲडमिन लॉगिन तुला मिळणार आहे का? या दोन्हींचं उत्तर पक्कं असेल तर कंपनी आपोआप ठरते. नसेल, तर अजून फी भरायची वेळ आलेली नाही.

सिस्टिम इंटिग्रेटरकडे, म्हणजे गिऱ्हाइकांना ही यंत्रं विकून बसवून देणाऱ्या फर्ममध्ये, नोकरी असेल तर हिशोब सोपा आहे. विक्रेत्या कंपन्या आपल्या पार्टनरला दर्जा देताना त्याच्याकडे सर्टिफाइड इंजिनिअर किती आहेत, हे मोजतात. म्हणजे तुमच्या सर्टिफिकेटची गरज मालकालाही आहे. फी त्यानेच भरावी, असं मोकळेपणाने बोला. मात्र बदल्यात बाँड आहे का, किती महिन्यांचा आहे आणि नापास झाल्यास दुसऱ्या खेपेचे पैसे कोणाचे, हे आधी लेखी घ्या.

मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यात आयटी सांभाळणाऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे फायरवॉल एक, माणसं एक-दोन आणि बिघाड झाला की एएमसीवाल्याला (वार्षिक देखभालीचा करार असलेल्याला) फोन. अशा ठिकाणी सर्टिफिकेटमुळे पगार वाढेल असं मला वाटत नाही. फोर्टिनेटचं स्वयं-अध्ययन प्रशिक्षण फुकट आहे. ते पूर्ण करा आणि परीक्षा राहू द्या. त्याऐवजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश उघडून वाचा. सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग (यंत्रातल्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे, असं त्यात आहे. डिस्क नसलेल्या छोट्या फायरवॉलमध्ये १८० दिवसांचे लॉग मावत नाहीत, लॉग साठवणारा सिसलॉग सर्व्हर वेगळा लावावाच लागतो. हे काम नीट करून दाखवलंत तर मालकाला तुमची किंमत कळेल.

कॉलेजमधून नुकतेच बाहेर पडलेल्यांनी आधी सीसीएनए, म्हणजे सिस्कोचं नेटवर्किंगचं पायाभूत सर्टिफिकेट, करावं. त्याच्या २००-३०१ या परीक्षेची मूळ फी ३०० डॉलर, सर्टिफिकेट ३ वर्षं चालतं. तेही एका कंपनीचंच, पण त्यातलं सबनेटिंग (नेटवर्कचे भाग पाडणं), राउटिंग (वाट ठरवणं), एसीएल (कोणाला आत सोडायचं याची यादी), नॅट (पत्ते बदलणं) कुठेही कामाला येतं. ‘सीसीएनए सिक्युरिटी’ मात्र फेब्रुवारी २०२० मध्येच बंद झालं. त्या नावाने कोणी क्लास विकत असेल तर तिथून परत फिरा.

पायाभूत ज्ञान कुठे संपतं आणि कंपनीचं कुठे सुरू होतं, ते आयपीसेक टनेल, म्हणजे दोन ठिकाणांमधला इंटरनेटवरचा कूटबद्ध मार्ग, लावताना स्वच्छ दिसतं. अलकापुरीचं ऑफिस आणि मकरपुऱ्याचा कारखाना जोडायचा आहे असं धरा. जोडणीचा पहिला टप्पा (फेज १) जुळतो, दुसरा (फेज २) जुळत नाही. बहुतेक वेळा एका बाजूला सबनेट /२४ लिहिलेलं असतं आणि दुसऱ्या बाजूला /१६ (म्हणजे वेगळ्या आकाराचं), नाहीतर पीएफएसचा (नव्या किल्ल्या बनवण्याच्या सेटिंगचा) ग्रुप जुळत नाही. हे कोणत्याही कंपनीच्या फायरवॉलवर तसंच घडतं. ते दुरुस्त केलं की टनेल सुरू होतो, तरी पलीकडे पिंग (जोडणी तपासणारा संदेश) जात नाही. आता कंपनीची रीत माहीत हवी. फोर्टिनेटच्या फोर्टिगेट फायरवॉलवर टनेल इंटरफेसकडे जाणारा रूट आणि दोन्ही दिशांची पॉलिसी (वाहतुकीला परवानगी देणारा नियम) लागते. पालो आल्टोवर टनेल इंटरफेस झोनमध्ये घातला आहे का ते बघायचं, आणि समोरचा फायरवॉल पॉलिसीवर चालणारा असेल तर प्रॉक्सी आयडीही (दोन्हीकडच्या सबनेटच्या जोड्या) भरायचे. ज्याला पहिला भाग येतो, तो दुसरा आठवड्यात शिकतो. उलटं सहसा होत नाही.

सरावासाठी फोर्टिगेटचं व्हीएम (आपल्याच कॉम्प्युटरवर चालणारी आभासी आवृत्ती) कायम चालणाऱ्या चाचणी लायसन्सवर मिळतं, पण त्याच्या मर्यादा माहीत हव्यात: १ सीपीयू, २ जीबी रॅम, ३ इंटरफेस, ३ पॉलिसी, ३ रूट आणि एका खात्यावर एकच व्हीएम. एन्क्रिप्शनही हलकंच चालतं. त्यामुळे एईएस हे मजबूत एन्क्रिप्शन टाकून टनेल का होत नाही म्हणून रात्र घालवू नका, सरावापुरतं दोन्हीकडे जुनं, कमकुवत डीईएस ठेवा. चेक पॉइंट या आणखी एका फायरवॉल कंपनीचं चाचणी लायसन्स १५ दिवसांचं असतं, तेव्हा आधी वाचून घ्या आणि मगच इन्स्टॉल करा.

सर्टिफिकेटचं आयुष्य हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा आहे. आपल्या शेजारच्या अहमदाबादची सायबरोम ही फायरवॉल कंपनी एकेकाळी गुजरातभर दिसायची आणि तिचं सीसीएनएसपी हे सर्टिफिकेट लोक हौसेने करायचे. २०१४ मध्ये सोफोस या दुसऱ्या सुरक्षा कंपनीने ती विकत घेतली आणि पुढे ते नाव बाजारातूनच गेलं. फोर्टिनेटने २०२३ मध्ये एनएसई या आपल्या सर्टिफिकेटच्या पायऱ्यांची नावं बदलली. पालो आल्टोचं पीसीएनएसई हे सर्टिफिकेट २०२५ मध्ये बंद झालं. मायक्रोसॉफ्टची असोसिएट पातळीची सर्टिफिकेटं एकच वर्ष चालतात, पण नूतनीकरण घरी बसून, फुकट होतं. ज्या ऑफिसचा सगळा कारभार मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आहे, तिथे फायरवॉलच्या आधी मायक्रोसॉफ्टच्या एससी-३०० (युजर खाती आणि प्रवेश सांभाळणं) किंवा एससी-२०० (हल्ले शोधून हाताळणं) या परीक्षांचा विचार करा.

तरीही ठरत नसेल तर बडोदा आणि अहमदाबादच्या तीसेक नोकरीच्या जाहिराती काढा. कोणत्या कंपनीचं नाव ‘आवश्यक’मध्ये येतं आणि कोणतं ‘असल्यास प्राधान्य’मध्ये, ते वेगवेगळं मोजा. फक्त दुसऱ्या रकान्यात दिसणाऱ्या सर्टिफिकेटवर पदरचे पैसे घालू नका. आणि डंप (फुटलेले प्रश्न-उत्तरं) पाठ करून परीक्षा देऊ नका: पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द होतं, नाही पकडलं गेलं तरी वर सांगितलेला टनेल मुलाखतीत अडवतोच.

परीक्षेची नोंदणी करताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच, अक्षर न अक्षर जुळवून लिहा. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी आणि वडिलांचं नाव कधी आहे, कधी नाही, असं सर्रास असतं. नाव जुळलं नाही तर केंद्रावर आत सोडत नाहीत आणि फीही बुडू शकते. प्रोफाइलमधलं नाव दुरुस्त करून घ्यायला दिवस लागतात, म्हणून परीक्षेची तारीख घेण्याआधीच ते तपासा.