२५ टक्क्यांवर बंद पडणारा पॅक

तक्रार एका ओळीची होती: मीटरवर २५ टक्के चार्ज दिसत असताना स्कूटर बंद पडते. चढ असो की सपाट रस्ता, आकडा तोच. आमच्या कंपनीचे जुन्या सायकलींना मोटर बसवून देण्याचे दिवस तोवर मागे पडले होते, स्वतःची स्कूटर चालू लागली होती आणि बॅटरी पॅक बनवण्याची लाइन नुकतीच एकाऐवजी दोन शिफ्टमध्ये धावू लागली होती.

पॅक साधा होता. १८६५० आकाराचे (१८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी) १२ सेल समांतर जोडून एक गट, असे १४ गट सीरिजमध्ये, एकूण १६८ सेल. एक सेल २.५ अँपिअर-तासांचा, म्हणजे गट ३० अँपिअर-तासांचा. पूर्ण चार्ज करून मोजला तर पॅक ५८.३ व्होल्ट आणि चौदाही गट ४.१६ ते ४.१७ व्होल्टच्या आत. फसगत होते ती इथे. गटातले काही सेल जोडातून सुटले असले तरी उरलेले सेल ठरलेल्या व्होल्टेजपर्यंत भरतातच, आणि जो काही थोडा फरक राहील तो बीएमएसचं, म्हणजे पॅकवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटचं, बॅलन्सिंग भरून काढतं. भरलेल्या पॅकला मल्टिमीटर लावून ‘ओके’ लिहिणं म्हणजे टाकी किती मोठी आहे हे न बघता ती काठोकाठ भरली एवढंच सांगणं.

म्हणून १५ अँपिअरचा स्थिर लोड लावला आणि गटवार व्होल्टेज नोंदवत गेलो. सुरुवातीला सातवा गट बाकीच्यांपेक्षा जेमतेम १० मिलिव्होल्टने खाली होता. १२ ऐवजी ९ सेल असले तर गटाचा अंतर्गत रोध साधारण २ मिलिओहमवरून २.७ वर जातो, म्हणून फरक एवढाच. खरं चित्र शेवटी दिसलं. दीड तासाने, २२.५ अँपिअर-तास निघाल्यावर, सातवा गट धाडकन २.८ व्होल्टवर आला आणि बीएमएसने पॅक तोडला. बाकीचे गट अजून ३.५ च्या आसपास होते. ३० पैकी २२.५, म्हणजे बारातले नऊ. मीटर अँपिअर-तास मोजून टक्के दाखवतो, त्याच्या हिशेबात २५ टक्के शिल्लकच होते. झाकण उघडण्याआधीच तीन सेल सुटलेत हे कळलं होतं.

उघडताना क्रम पाळावाच लागतो. अंगठी, घड्याळ काढायचं, इन्सुलेटेड हत्यारंच वापरायची. बीएमएसचा सेन्स कनेक्टर (गटांचं व्होल्टेज मोजणाऱ्या तारांचा) आधी काढायचा आणि मुख्य निगेटिव्ह शेवटी. जोडताना बरोबर उलटं. सातव्या गटाचे नऊ सेल आता ३.१ व्होल्टवर सावरले होते. तीन सेल मात्र ३.९ दाखवत होते, कारण सुटले त्या क्षणीचं व्होल्टेज त्यांनी तसंच धरून ठेवलं होतं. सेल एकमेकांना जोडणारी निकेल पट्टी त्यांच्या पॉझिटिव्ह टोकाला नुसती टेकलेली, नखाने उचलली जाईल अशी. धोका इथे होता. खड्ड्यात धक्का बसून ती पट्टी पुन्हा टेकली असती, तर ०.८ व्होल्टच्या फरकामुळे क्षणभर ७० अँपिअरच्या वर करंट वेल्डिंगच्या त्या कच्च्या टाक्यांतून गेला असता.

पट्टी उचलून बघितली. चांगला टाका ओढला की पट्टीला भोक पडतं आणि धातूची टिकली सेलवर राहते. इथे दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत होते. पट्टी शुद्ध निकेलचीच निघाली, ०.१५ मिलिमीटर जाडीची. दोष वेल्डिंग मशीनच्या तांब्याच्या इलेक्ट्रोडमध्ये होता. टोकं झिजून चपटी झाली की तोच करंट मोठ्या जागेत पसरतो, धातू वितळत नाही, फक्त चिकटतो. एका शिफ्टच्या काळात कामगार अंदाजाने टोकं घासून घेत असत. दोन शिफ्टमध्ये टाके दुप्पट झाले, घासण्याचं काम मात्र कोणाच्याच नावावर नव्हतं. त्यात पट्टीला दोन टाक्यांच्या मधली चीर नव्हती. चीर नसली की बराच करंट सेलमध्ये न उतरता पट्टीतूनच आडवा निघून जातो.

टेस्लाची पहिली रोडस्टर २००८ मध्ये अशाच १८६५० सेलवर आली, पण तिच्या ६,८३१ सेलमध्ये ६९ सेलचा एक समांतर गट होता. एक सेल गेला तर तिथे दीड टक्क्याहून कमी घट. आमच्याकडे बाराचा गट, त्यामुळे प्रत्येक सुटलेल्या सेलमागे आठ टक्के. लहान पॅकवाल्या कंपनीला ढिलाई जास्त महाग पडते ती यामुळे. शेनझेनमध्ये १९९५ साली मोबाइलच्या बॅटऱ्या बनवत सुरू झालेली बीवायडी महागड्या यंत्रांऐवजी माणसांच्या हातांवर वाढली, पण ते काम छोट्या पायऱ्यांत तोडून आणि जिग (काम नेमक्या जागी धरून ठेवणारा साचा) लावून. हाताने काम करण्यात कमीपणा नाही. हाताला जिग आणि तपासणी नसली की मात्र वाढ अंगावर येते.

त्या पॅकचा सातवा गट पूर्ण बदलला. सुटलेले तीन सेल परत जोडणं सोपं होतं, पण उरलेल्या नऊंनी एकतृतीयांश जास्त करंट ओढला होता आणि दर वेळी तळापर्यंत रिकामे झाले होते. नवा गट बाकीच्यांच्या व्होल्टेजशी जुळवूनच बसवला. लाइनवर ठरलं ते असं: दर ३०० टाक्यांनंतर टोकं घासायची आणि नोंद करायची, चिरेची पट्टी वापरायची, शिफ्टच्या सुरुवातीला बाद सेलवर टाका मारून ओढून बघायचा. आणि प्रत्येक पॅक पूर्ण रिकामा करून गटवार व्होल्टेज तपासल्याशिवाय बाहेर सोडायचा नाही. याने रोजची संख्या घटली, विक्रीवाल्यांनी कुरकुर केली. दोन शिफ्ट सुरू झाल्यापासून गेलेले सगळे पॅक सीरियल नंबरवरून परत मागवले, त्यांत सेल सुटलेले आणखी काही सापडले. त्यातल्या काहींचा एकेकच सेल गेला होता, म्हणून ग्राहकांच्या लक्षातही आलं नव्हतं.