पोलादावरचा सीड: नोंद तिसरी, सहा-नऊचा घोळ

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या बडोद्यातल्या समा भागातल्या तळमजल्यात शिरलं. कपाटाच्या खालच्या खणात सीडचा, म्हणजे क्रिप्टो नाण्यांचं वॉलेट परत मिळवून देणाऱ्या चोवीस इंग्रजी शब्दांचा, कागद होता, लॅमिनेट केलेला. तरी कडेनं पाणी गेलंच, जेल पेनची शाई पसरली आणि चोवीसपैकी दोन शब्द वाचता येईनात. हार्डवेअर वॉलेट (नाण्यांच्या गुप्त किल्ल्या सांभाळणारं छोटं उपकरण) माळ्यावर असल्यामुळे सगळी नाणी नव्या सीडवर हलवता आली. तेव्हापासून कागद बंद, शब्द पोलादी वॉशरवर ठोकायचे, एका वॉशरवर एक.

मकरपुरा जीआयडीसीतून एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) चे एम-१० मापाचे वॉशर आणले. घेताना चुंबक लावून बघा: जस्ताचा मुलामा दिलेले साधे वॉशर चटकन चिकटतात, ३०४ जेमतेम ओढलं जातं. मुलाम्याच्या वॉशरवर आगीची चाचणी करू नका, तो धूर विषारी असतो.

पुढच्या बाजूला शब्दाची पहिली चार अक्षरं, मागे चोवीसमधला त्याचा क्रमांक. सीडचे शब्द ज्यातून येतात ती २०४८ शब्दांची इंग्रजी यादी अशी बांधलेली आहे की चार अक्षरांत शब्द नेमका कळतो. 'अ‍ॅड' तीनच अक्षरी; तिथे चौथ्या जागी आडवी रेघ मारतो, नाहीतर 'अ‍ॅडिक्ट' आणि 'अ‍ॅड्रेस' पण यादीत आहेत, एखादं अक्षर पुसलं गेलं असं वाटायचं. अक्षरं ठोकायचे पंच ३ मिमीचे. एकाच दणक्यात अक्षर उठायला हवं. दुसऱ्या घावाला पंच सरकतो, शिवाय ठोकून ठोकून ३०४ आणखी कडक होत जातं. एक किलोचा हातोडा आणि खाली रुळाचा तुकडा घेतल्यावर हे जमलं.

आता या रविवारची गोष्ट. सरावासाठी रिकामा (नाणी नसलेला) सीड बनवला, चोवीस वॉशर ठोकून बोल्टवर ओवले, वॉलेटमधला सीड पुसला आणि बोल्टवरून वॉशर काढून पत्नीला परत भरायला दिले. मी नसताना तिलाच हे करावं लागणार, म्हणून मी गप्प बसलो. पाचच मिनिटांत तिनं विचारलं, "अहो, हा सहा की नऊ?" गोल वॉशरला वर-खाली नसतंच! तिनं अंदाजानं लावले, वॉलेटनं सीड चुकीचा म्हणून नाकारला.

चोवीस शब्दांत २५६ बिट यादृच्छिक आणि ८ बिट चेकसम (शब्द बरोबर भरलेत का हे तपासणारा भाग) असतो. क्रम चुकला तरी चेकसम जुळण्याची शक्यता २५६ मध्ये एक. पण चूक कुठल्या शब्दात आहे, हे तो सांगत नाही. नंतर सहाच्या आणि नऊच्या खाली रेघ ठोकली, पुन्हा वॉलेट पुसलं, पुन्हा तिनंच भरलं. फिंगरप्रिंटची (सीडवरून निघणाऱ्या वॉलेटच्या ओळखखुणेची) आठही अक्षरं जुळली, नाणी घ्यायचा पहिला पत्ताही तोच आला. त्या क्षणी फार बरं वाटलं.

खरा सीड आता घेतलाय, दारं-खिडक्या लावून, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. एक संच दांडिया बाजारात दादाकडे जाईल. पासफ्रेज (सीडला जोडायचा वेगळा गुप्त मजकूर) तिथे ठेवणार नाही. आज चौदावा वॉशर झाला. दुपारी वरच्या काकू झोपतात, म्हणून उरलेले दहा संध्याकाळी.