कुलूप बदललं, तरी किल्ली अडतच होती

सात-आठ महिने आमचं मुख्य दार एकाच पद्धतीने बंद व्हायचं. एका हाताने हँडल धरून दार जरा वर उचलायचं आणि तसंच धरून दुसऱ्या हाताने किल्ली फिरवायची. आम्हाला सवय होऊन गेली होती, पण आईच्या मनगटात तेवढी ताकद नाही. एका रात्री ती घरात एकटी होती आणि तिची किल्ली अर्ध्यावरच अडकली. ना फिरे, ना निघे. शेवटी मी बाहेरून दार उचलून धरलं, तेव्हा कुठे ते उघडलं. त्या दहा मिनिटांत आतून येणारा तिचा आवाज मला अजून आठवतो.

कुलपात शिलाई मशीनचं तेल मी आधीच घालून बसलो होतो. ते करू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग तेलावर धूळ बसून आत चिकटा होतो. कुलपाला कोरडं वंगण लागतं, ग्रॅफाइटची पूड. ती नसेल तर मऊ शिशाची पेन्सिल किल्लीच्या दात्यांवर घासायची आणि किल्ली चार-पाचदा आत-बाहेर करायची.

मग कारागीर बोलावला. त्याने किल्ली एकदा फिरवली आणि ‘सिलिंडर गेला’ म्हणून मोकळा झाला. सिलिंडर म्हणजे कुलपाचा किल्ली घालायचा भाग. नवा सिलिंडर बसवला, फिरवून दाखवला, लोण्यासारखा फिरला. पैसे घेऊन तो गेला. मी दार लावलं, किल्ली घातली, आणि ती नेमकी पूर्वीच्याच जागी अडली!

राग आला तो यासाठी की त्याने किल्ली फिरवून दाखवली ती दार उघडं ठेवून. उघड्या दारात तर जुना सिलिंडरही तसाच फिरत होता. हे मी त्याच्या देखत तपासायला हवं होतं, आणि तुम्ही सगळ्यात आधी हेच तपासा. दार सताड उघडं ठेवून किल्ली फिरवा. तेव्हाही अडली तर दोष कुलपात किंवा झिजलेल्या किल्लीत. (डुप्लिकेटवरून काढलेली डुप्लिकेट वापरत असाल तर आधी मूळ किल्ली लावून बघा.) फक्त दार लावल्यावरच अडत असेल, तर कुलपाला हात लावू नका.

मी कुलपाच्या जिभेला, म्हणजे किल्ली फिरवली की बाहेर येणाऱ्या दांड्याला, खडू फासला, दार लावून किल्ली जाईल तेवढी फिरवली आणि परत उघडलं. ती जीभ शिरते त्या, चौकटीवरच्या पट्टीच्या भोकाची फक्त खालची कड पांढरी झाली होती. वाकून पाहिलं तर त्या कडेवर घासून चकाकणारी रेघ होती, नखाला लागेल एवढी खोल. म्हणजे दार खाली उतरलं होतं. आम्ही रोज ते उचलत होतो आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही!

वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू नुसतेच गरगर फिरत होते, लाकडातली भोकं मोठी झाली होती. दाराखाली पाचर ठोकून दार जागेवर आणलं, स्क्रू काढले, गुल तोडलेल्या आगकाड्या लाकडाच्या गोंदात बुडवून भोकांत गच्च कोंबल्या. एक रात्र वाळू दिलं आणि सकाळी आधीपेक्षा लांब स्क्रू पिळले. तरी जीभ किंचित घासत होती, म्हणून पट्टीची खालची कड कानशीने मिलिमीटरभर घासली. आधी बिजागरी, मग कानस. उलटं केलंत तर दार उतरतच राहील आणि भोक वाढतच जाईल.

एक सांगायचं राहिलं: दुरुस्तीनंतर पहिल्यांदा दार लावाल तेव्हा आत एक माणूस आणि बाहेर एक माणूस ठेवा, आणि किल्ली अडलीच तर जोर लावू नका, ती आतच तुटते.

आई आता एका हाताने कुलूप लावते. जुना सिलिंडर खणात पडून आहे, त्यात काहीही बिघाड नाही.